तिसऱ्या खिंडीतला पांढरा दगड

एमेटला मीच म्हटलं होतं, "जा ना कोणाला तरी घेऊन."

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. पाय उशीवर, मांडीवर शब्दकोडं, आणि तोंडावर ओढूनताणून आणलेलं हसू. असं म्हटल्यावर माणसानं काय समजायचं असतं, हे एकोणीस उन्हाळे एकत्र डोंगर चढल्यावर तरी कळायला हवं की नको? त्यानं म्हणायचं असतं, छे, तुझ्याशिवाय कसला जातोय, ऑगस्टपर्यंत थांबू. तो म्हणाला, "बरं. ब्रिनला विचारतो मग."

इतक्या पटकन नाव आलं तोंडात, म्हणजे ते आधीपासून तयारच होतं.

आता सगळं नीट सांगते. मी हेटी डाइकस्ट्रा. तीस वर्षं गावातल्या शाळेची बस चालवली, आता पेन्शनीत निघालेय. नवरा जाऊन बावीस वर्षं झाली. एमेट सँडविक माझ्यापासून दोन घरं सोडून राहतो. लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावायचा. त्याची बायको फार पूर्वी दक्षिणेला निघून गेली, थंडीला कंटाळून म्हणे. आमचं दोघांचं लग्नबिग्न काही नाही. तसं काही कधी बोलणंही झालेलं नाही. पण गावात कुणीही विचारलं, की हेटी आणि एमेट काय आहेत, तर उत्तर एकच येतं, जोडी आहे.

आमच्याकडे जोडी हा कामाचा शब्द आहे. गावामागच्या राष्ट्रीय पार्कात एक लांब डोंगरधार आहे, तिला आम्ही करवत म्हणतो. झाडांची हद्द संपली की वर नुसता दगड, शेवाळ आणि वारा, वाट अशी दिसतच नाही. एका दगडांच्या राशीकडून दुसऱ्या राशीकडे बघत चालायचं. ढग उतरला की हात लांब केला तर पंजा दिसत नाही, तेव्हा माणूस डोकं चालवत नाही, राशी शोधतो. आणि दर हिवाळ्यात बर्फ त्यातल्या निम्म्या राशी पाडून टाकतो. म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात गावातले आम्ही आठ-दहा जण वर जातो आणि त्या पुन्हा रचतो. हे काम एकट्यानं होत नाही. एकानं मागच्या जागेवर उभं राहायचं, दुसऱ्यानं पुढे जाऊन पुढची जागा पायाखाली घ्यायची, वाट शाबूत आहे का बघायची आणि ओरडायचं, "उभा आहे." तोवर मागच्या राशीवर शेवटचा दगड ठेवायचा नाही. हा नियम मी केलेला आहे. माझा स्वतःचा. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मलाच ते लक्षात राहिलं नाही.

दुसरी गोष्ट पांढऱ्या दगडाची. पहिल्याच वर्षी मला पहिल्या खिंडीत गारगोटीची शीर सापडली, दुधासारखी पांढरी. मुठीएवढा एक तुकडा घेऊन मी आमच्या राशीच्या डोक्यावर ठेवला. ढगात तेवढाच काय तो नजरेला पडतो. एमेट म्हणाला, "केकवर चेरी ठेवलीस काय." पण दुसऱ्या वर्षी त्याच्याच पिशवीतून दहा तुकडे निघाले. आमचा भाग उत्तरेचा, पाच खिंडींचा. त्या भागातल्या प्रत्येक राशीवर पांढरा दगड असतो. बाकीच्या जोड्या ठेवत नाहीत. तो माझा आहे, सगळ्यांना माहीत आहे.

आणि तिसरी ब्रिन. ब्रिन कोवाल्चुक, वय एकतीस, दोन वर्षांपूर्वी इथं आली. दातांच्या दवाखान्यात काम करते, त्यामुळे हसली की तिच्या दातांकडे बघावंच लागतं. पाय लांब. चालते अशी की खालचा दगड हलत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. एमेटची एक गोष्ट आहे, अस्वलानं त्याचा जेवणाचा डबा उघडून त्यातलं फक्त लोणचं काढून टाकलं होतं ती. ती मी इतक्यांदा ऐकलीय की त्यावर हसायचं मी कधीच सोडून दिलं. मार्चमध्ये बेकरीत त्यानं ती ब्रिनला सांगितली आणि ती टेबलावर डोकं ठेवून हसली. एमेटच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सदुसष्ट वर्षांचा बाप्या, आणि कानाच्या पाळ्या लाल. मी माझा दालचिनीचा रोल अर्धा टाकून घरी आले.

तर ती दोघं गेली. चार दिवसांनी एमेट माझ्याकडे आला, नाक उन्हानं सोललेलं, नुसता खुशीत.

"झालं काम," तो म्हणाला. "पोरगी छान चालते ग. नजर आहे तिला."

"असेल," मी म्हटलं.

"तिसऱ्या खिंडीत आम्ही जरा..."

"एमेट, मला गोळी घ्यायचीय आणि झोपायचंय."

आम्ही. त्या एका शब्दापुढचं ऐकायची माझी ताकदच नव्हती. तो टोपी फिरवत जरा वेळ उभा राहिला आणि गेला. नंतर दोनदा आला, दोन्ही वेळा मी विषय हवेवर नेला, पावसावर नेला, एकदा तर फ्रीजच्या आवाजावर नेला. तो सरळ माणूस आहे. बाई ऐकत नाही म्हणजे तिला ऐकायचं नाही, एवढंच त्याला कळतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरनं मला चालायची परवानगी दिली. "सपाटीवर," असं तो म्हणाला. बुधवारी मी कुणाला न सांगता गाडी काढली.

खालच्या वाळुंजीच्या झुडपात मी नेहमीसारखी ओरडत गेले, "ए अस्वला, आले रे, बाजूला हो." एमेट बरोबर असला की तो अस्वलाच्या आवाजात उत्तर देतो, फार मूर्खपणा आहे तो. त्या दिवशी कुणी उत्तर दिलं नाही. झाडं संपतात तिथं केबिन आहे, चूल आणि झोपायच्या चार फळ्यांची. तिथं आमची वही असते. कोणती रास हलवली, कुणी हलवली, दोघांची नावं, आणि शेवटी कारण. कारण लिहिल्याशिवाय रास हलवायची नाही, हाही आमचाच नियम. वही उघडली तर जुलैचं अर्धं पान भरलेलं. वर एकाच ओळीत, एकाच गोलगोल अक्षरात, एमेट सँडविक, ब्रिन कोवाल्चुक. एकोणीस वर्षं त्या ओळीत माझं नाव होतं. अर्धं पान लिहिलंय, मी मनात म्हटलं, कादंबरी लिहिते काय सटवी. आणि वही मिटली. एक शब्द वाचला नाही.

पहिल्या दोन खिंडींत काही सापडलं नाही मला. म्हणजे नावं ठेवायला. राशी चांगल्या होत्या, खाली रुंद, वर निमुळत्या, दगड आत कललेले, आणि प्रत्येकीवर पांढरा दगड. माझा. माझ्या शिरेतून काढलेला. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रास रच बाई, पाय आहेत तुला, पाठ आहे, सगळं आहे. पण माझी खूण कशाला? माझ्या माणसाशेजारी उभी राहिलीस, माझ्या नावाच्या जागी नाव लिहिलंस, त्यावर समाधान नाही झालं?

तिसऱ्या खिंडीत मात्र मला हवं होतं ते सापडलं. तिथं पाद्री नावाचा सुळका आहे. आमची वाट कायम त्याच्या उजव्या अंगानं, पायथ्याशी कातळाची एक पट्टी आहे तिच्यावरून जायची. चाळीस पावलांची पट्टी, सपाट, आरामाची. आणि ह्यांनी राशी डावीकडे नेल्या होत्या, वर टेकाडावरून. तीन नव्या राशी. उगाच सत्तर-ऐंशी मीटरचा चढ. तरण्या पायांना काय, त्यांना चढ म्हणजे मजा. एमेटही बहकला तिच्या नादानं, गुडघे बघ स्वतःचे, असं मी मोठ्यानं म्हटलं. तिथं ऐकायला कुणी नव्हतं.

मी त्या तिन्ही पाडल्या. ढकलून नाही, एकेक दगड उचलून, शिस्तीत. दोन तास लागले. मग पट्टीच्या तोंडाशी, आमच्या जुन्या जागेवर, मी माझी रास रचली आणि तिच्यावर पांढरा दगड ठेवला.

पुढे जाऊन बघितलं नाही. गुडघा टरारला होता, आणि पट्टीचा वळसा तिथून दिसत नाही. पण बघायचं काय होतं? एकोणीस वर्षं मी तिथून चालले. वहीत काही लिहिलं नाही, कारण काय लिहिणार होते? उतरताना मला इतकं हलकं वाटत होतं, की झुडपात मी गाणंसुद्धा म्हटलं.

गुरुवार मी पाय बर्फाच्या पिशवीवर ठेवून काढला. शुक्रवारी सकाळी लंगडत बेकरीत गेले. एमेट खिडकीजवळ बसला होता. बाहेर ढग पार गिरणीच्या धुराड्यापर्यंत उतरलेला.

"लंगडतेस का?" त्यानं विचारलं.

"जिन्यावरून."

"तुझ्या घराला जिना नाही, हेटी."

"पायरी तरी आहे ना. रोल दे इकडे."

त्यानं ताटली सरकवली आणि बाहेर बघत म्हणाला, "ब्रिन वर गेलीय. काल रात्री केबिनमध्ये मुक्काम, आज सगळा उत्तरेचा भाग चालून पलीकडे उतरणार. एकटीच. काय ढग पडलाय बघ. बरं झालं आम्ही वाट बदलली."

"चांगली वाट होती ती," मी म्हटलं. सहज म्हटलं.

"होती ना. आता कुठाय?" तो रोलचा पापुद्रा सोलत होता. "पाद्र्याखालची पट्टी गेली की ग. वसंतात कधीतरी सुटली. मधली पंधरा-वीस पावलं सरळ दरीत, वर नुसता घसारा लोंबतोय. तुला किती वेळा सांगायला आलो. ब्रिननं वहीत सगळं लिहिलंय, चित्र काढून."

माझ्या तोंडात रोलचा घास होता. तो मी किती वेळ चावत होते कोण जाणे.

सांगायला हवं होतं त्याला, तिथंच, तेव्हाच. दोघं गेलो असतो तर लवकर पोचलो असतो. पण मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्याच्यानं होईना. त्यानं माझ्याबद्दल काय म्हणावं, हे मला तिच्या जिवापेक्षा मोठं वाटलं, निदान त्या दहा मिनिटांपुरतं. हे लिहितानाही लाज वाटते. मला वाटलं, ब्रिनला वाट ठाऊक आहे, ती कशाला चुकेल. मी गुपचूप जाईन, रास जागेवर ठेवीन, कुणाला कळणार नाही.

"ब्लूबेरी काढायला जाते जरा," मी उठत म्हटलं.

"ह्या ढगात? ह्या पायानं?"

"बेऱ्या काय ढगात पळून जातात काय."

गाडीत बसल्यावर मला कळलं, की आपण रडतोय.

केबिनपर्यंत दोन तास लागतात, मला तीन लागले. आत चूल अजून कोमट होती. वही उघडून मी उभ्याउभ्या ते अर्धं पान वाचलं. पट्टी कोसळली आहे, कृपा करून उजवीकडे जाऊ नका, नवी वाट डावीकडून. खाली पाद्र्याचं चित्र, बाण, फुली. आणि शेवटी, सगळ्या राशींवर पांढरे दगड ठेवले आहेत, हा भाग हेटीचा आहे. मी ती ओळ दोनदा वाचली आणि बाहेर पडले.

वर ढग इतका दाट होता की मी माझ्या काठीच्या टोकाकडे बघत चालत होते. एक रास, मग चाळीस-पन्नास पावलं काही नाही, मग पांढरा दगड, मग खाली रास. तेव्हा मला समजलं. अशा ढगात वाट ठाऊक असण्याला काही अर्थ नसतो. मी एकोणीस वर्षं चाललेली बाई, मीसुद्धा दगडामागून दगडाकडे जात होते, मेंढरासारखी. ब्रिन तर त्या धारेवर एकदाच आलेली.

तिसऱ्या खिंडीत माझी रास तशीच उभी होती, पांढरा दगड डोक्यावर घेऊन, एकदम भरवशाची. मी तिच्याशेजारी उभी राहून हाक मारली. वारा. पुन्हा मारली. मग उजवीकडून, खालून, बारीक आवाज आला.

"एमेट?"

खोटं कशाला बोलू. ते नाव ऐकलं आणि एक श्वासभर मी गप्प राहिले. पोरगी मरणाच्या दारात बसली होती, आणि माझ्या मनात आलं, हिला पहिली त्याचीच आठवण. एकच श्वास. पण तो मी घेतला.

"हेटी आहे," मी ओरडले. "हलू नकोस. कुठं आहेस?"

"पट्टीच्या खाली. घसरले. एका धोंड्यावर बसलेय. हलले की सगळं हलतं." मग जरा थांबून, "पिशवी खाली गेली. मदत बोलवायचं यंत्र त्यातच होतं."

"कधीपासून?"

"अकरा वाजल्यापासून."

तीन वाजून गेले होते. मी पट्टीवर गेले, मग गुडघ्यावर, मग पोटावर. दहा-बारा पावलांवर पट्टी संपली. पुढं कातळच नव्हता, नुसती सैल खडी तिरकी खाली जात होती, आणि तिच्यात पाच-सहा मीटर खाली एक लाल जाकीट. दगड ओढायचा पंधरा मीटरचा दोर माझ्या पिशवीत कायम असतो. सुळक्याच्या मुळाशी कातळाचा एक दात आहे, त्याला मी दोन वेढे मारले आणि सगळं वजन टाकून ओढून बघितला. पुन्हा ओढून बघितला.

"दोर टाकते. काखेतून घे आणि गाठ मार."

"कशाला बांधलाय?"

"पाद्र्याच्या पायाला."

"ओढून बघितलात?"

"दोनदा."

"बरं," ती म्हणाली, आणि लगेच गाठ मारायला लागली. तेवढ्यावर. माझ्या शब्दावर.

पुढचं फार काही सांगण्यासारखं नाही. ती पोटावर सरपटत वर आली, मी दोर आवळत गेले, तिच्या पायाखालून तो धोंडा निघाला आणि बराच वेळ खाली आपटत गेला. ती पट्टीवर आली तेव्हा दोन्ही तळहात सोललेले, हनुवटी थडथडत होती. मी तिला माझ्या राशीपर्यंत ओढत आणलं, माझा स्वेटर घातला, थर्मासमधली कॉफी पाजली. खिशात खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्या होत्या, माझ्या आईकडची डच सवय. त्या इथं कुणालाच आवडत नाहीत. तिनं चार खाल्ल्या.

दातांवर दात आपटणं थांबल्यावर ती म्हणाली, "आमच्या राशी कुणीतरी पाडल्या, हेटी. मी टेकाडाकडे जायला म्हणून शोधत होते, एकही मिळेना. आणि मग ही दिसली, तुमच्या दगडाची. वहीत काही लिहिलं नव्हतं, मला वाटलं विसरला असाल. म्हटलं तुम्ही आला असाल, पुढं जाऊन बघितलं असेल, चांगली वाट सापडली असेल. आमचंच काहीतरी चुकलं असेल."

मी तिच्या अंगावरचा स्वेटर नीट ओढला.

"एमेट म्हणाला होता," ती म्हणाली, "पांढरा दगड दिसला की विचार करायचा नाही. तिथून पुढच्या जागेवर कुणीतरी उभं राहून आलेलं असतं. हेटी त्याशिवाय ठेवूच देत नाही म्हणाला."

आता मला सोपं होतं. पर्यटकांनी केलं असेल म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. दक्षिणेकडून येतात, राशी पाडून फोटो काढतात, सगळ्यांना माहीत आहे. तिचा माझ्यावर इतका विश्वास होता की मी काहीही म्हणू शकले असते.

"मी उभी राहिले नव्हते," मी म्हटलं. "बुधवारी आले. तुमच्या तिन्ही मी पाडल्या. ही रचली आणि पुढं न बघता घरी गेले."

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "वही वाचली नव्हती?"

"वर तुझं नाव होतं. म्हणून मिटली."

"माझं नाव होतं म्हणून."

"त्याच्या नावाशेजारी."

ब्रिन माझ्याकडे बघत राहिली. तिच्या तळहातातून रक्त येऊन माझ्या स्वेटरच्या बाहीला लागत होतं. "तुम्हाला माहीत आहे का," ती म्हणाली, "चार दिवस तो माणूस काय बोलत होता? हेटी इथं बसते. हेटी हा दगड असा फिरवून ठेवते. हेटीला हा वास आवडतो. तिसऱ्या दिवशी मला तुमचा इतका वीट आला होता, की मी पुढच्या जागेवर मुद्दाम लवकर जायचे. आणि ती लोणच्याची गोष्ट, तीसुद्धा त्यानं चारदा सांगितली."

"हसलीस ना पण."

"चौथ्यांदा नाही हसले."

मला हसू आलं नाही. तिलाही आलं नाही. ती उठली, माझ्या राशीवरचा पांढरा दगड काढून तिनं माझ्या हातात दिला, आणि म्हणाली, "पाडा ही. आणि आमच्या परत रचू या. उद्या शनिवार आहे, लोक येतील."

तिचे हात तसे, माझा गुडघा तसा. आम्ही तिन्ही राशी रचल्या. ती पुढं जायची, ढगात दिसेनाशी व्हायची, आणि मी मागच्या राशीशी हातात शेवटचा दगड धरून थांबायची. मग आवाज यायचा, "उभी आहे." दर वेळी तो यायला इतका वेळ लागायचा, की माझा जीव टांगणीला लागायचा. एकोणीस वर्षं एमेट मागं उभा राहून माझी हाक येईस्तोवर काय करत असेल, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पांढरे दगड मी ठेवले नाहीत. साधे करडे ठेवले.

केबिनमध्ये उतरलो तेव्हा ढग सुटून खाली झाडांवर तिरकं ऊन पडलं होतं. ब्रिननं वही पुढ्यात घेतली, तारीख घातली, तिसरी खिंड, तीन राशी पाडल्या, तीन रचल्या, असं लिहिलं. दोघींची नावं एका ओळीत लिहिली, माझं आधी. मग पेन्सिल माझ्याकडे केली.

"कारण तुम्ही लिहा."

"एमेट दर शनिवारी येऊन वाचतो ही," मी म्हटलं.

"माहीत आहे मला."

ती चुलीकडे गेली आणि पाठ करून बसली. मी पेन्सिल घेऊन किती वेळ बसले, सांगता येणार नाही. गैरसमज, असं लिहावंसं वाटलं. गुडघा, असं लिहावंसं वाटलं. शेवटी एकच शब्द लिहिला. मत्सर. तिथं दुसरं काही बसत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी एमेट आला. नेहमीसारखे रोल आणले नव्हते. दारातच टोपी काढून उभा राहिला.

"वाचलं," तो म्हणाला.

"बरं."

"काल बेकरीत मला बेऱ्या काढायला जाते म्हणालीस."

"हो."

"मी तुझ्या समोर बसलो होतो, हेटी."

त्यानं टोपी दोनदा फिरवली. "मला विचारायचं होतंस तू. जुलैत. सरळ म्हणायचं, मी येईस्तोवर थांब. मी थांबलो असतो."

"तुला कळायला हवं होतं."

"मला नाही कळत," तो म्हणाला. "मला कधी काय कळलंय?" आणि दार हळूच ओढून घेऊन गेला. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

हिवाळा तसाच गेला. बोलायचा तो, बर्फ ओढायला यायचा, पण लोणच्याची गोष्ट एकदाही सांगितली नाही. मी दोनदा विषय काढून बघितला.

ह्या जुलैत आम्ही तिघं गेलो. ब्रिन पुढं, मी मागं, असं तिनंच ठरवलं. एमेट म्हणाला, मी दगड वाहीन. पहिल्या खिंडीत रास झाली, ब्रिननं पुढून हाक दिली, "उभी आहे." मी पांढऱ्या दगडासाठी हात पुढे केला. दगड एमेटच्या पिशवीत होते. त्यानं तो काढला, पण दिला नाही. खिशात टाकला, आणि काठी टेकत, कमरेवर हात ठेवत, ब्रिन उभी होती तिथपर्यंत सगळी वाट स्वतः चालत गेला. खाली वाकून बघितलं. मग तेवढाच परत आला, धापा टाकत, आणि दगड माझ्या हातात ठेवला.

उत्तरेच्या भागात चव्वेचाळीस राशी आहेत. चव्वेचाळीस वेळा तो गेला आणि आला. त्याचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत. एकदाही मी त्याला नको म्हटलं नाही, आणि त्यानंही एकदाही माझ्याकडे रागानं बघितलं नाही. मी हात पुढे करून उभी राहायची, तो येईस्तोवर.